जगायला न जाता घरी कमवायचे तर

दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरांना कुलपे लागू लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. लेकरे, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे एकाच टेम्पोत. इथले लोक याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून मालकाचे बोलावणे आले की निघावेच लागते आणि पावसाळा तोंडावर आल्याशिवाय परतता येत नाही. तोवर मुलांचे शाळेचे अर्धे वर्ष बुडालेले असते. त्यामुळे घरून काम करण्याचा विषय मुंबई-पुण्यात निघतो तेव्हा लोकलची गर्दी आणि रस्त्यावरची कोंडी आठवते. या भागात मात्र तो घर उघडे राहणार की बंद, इथपर्यंत जाऊन भिडतो.

हा भाग पूर्वी आडवाटेला नव्हता. जव्हारजवळच्या शिरपामाळावर, १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना, शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा मान केला, असे परंपरा सांगते. नाशिक-त्र्यंबककडून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवरचा हा मुलूख. आज मात्र रेल्वे गाठायची तर इगतपुरी, कसारा किंवा डहाणू-पालघरच्या दिशेने आधी एसटीचा लांबचा प्रवास करावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी हे तालुके धरून पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला आणि सरकारी कामासाठी ठाण्याला जाणे थांबले. पोटासाठी बाहेर पडणे काही थांबले नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर दोन तऱ्हेचे वाचक आहेत. एक, हाताने वस्तू करणारे: वारली चित्रे, बांबूची सुपे-टोपल्या, बोहाडा उत्सवाचे मुखवटे, शिवणकाम, नागलीचे पापड. दुसरे, शिकून नाशिक-मुंबईत नोकरीला लागलेली आणि आता लॅपटॉप घेऊन गावी राहता येईल का, असा विचार करणारी मुले-मुली. कामे अगदी वेगळी, पण दोघांचे नुकसान एकाच ठिकाणी होते. घरी केलेल्या कामाचे तास कोणी मोजत नाही. तास मोजले नाहीत की दर कोसळतो आणि दर कोसळला की घरी राहून कमवण्यापेक्षा भट्टी परवडली, असे वाटू लागते.

आधी फायदे, कारण ते खरे आहेत. शहरातले खोलीभाडे, मेस आणि रोजचा प्रवास वाचला तर थोडा कमी पगारही हातात जास्त उरतो. आवणीच्या दिवसांत सकाळी चिखलात उतरून दुपारनंतर कामाला बसता येते. भात-नागली सुटत नाही. आजारी सासूकडे लक्ष राहते, मुलाची शाळा अखंड चालते. मोगऱ्याची लागवड केलेल्या इथल्या कुटुंबांचा अनुभव असाच आहे. मोगऱ्याची कळी पहाटेच खुडावी लागते, मग माल दादरच्या फूलबाजाराकडे जातो आणि खुडणारी बाई सकाळी आपल्या दारात असते. पाण्याची सोय झाली तिथे अशा लागवडीने कुटुंबे गावात टिकली. ते घराला लागून असलेले काम आहे, घराच्या आतले नाही. तरी घरून कमवण्याचा सगळ्यात मोठा लाभ तिथे दिसतो, तो म्हणजे उचल घ्यावी लागत नाही. उचल न घेतलेला माणूस दरावर बोलू शकतो.

तोट्यांना मी जास्त वेळ देणार आहे, कारण ‘घरबसल्या काम’ म्हणणारे ते सांगत नाहीत.

वारली चित्रांचेच पाहा. मुळात ही चित्रे घरातल्या भिंतीवरची. लग्नात सवासिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणायची, पालघट देवीची स्थापना व्हायची. चित्र काढणे हे बायकांचे काम आणि बायकांचा मान. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रे काढू लागले, त्यांची चित्रे परदेशात पोचली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांच्यामुळे या कलेला जी प्रतिष्ठा आली ती शेकडो घरांच्या उपयोगी पडली, यात शंका नाही. पण चित्राला पैसे मिळू लागल्यावर चित्रकारांत पुरुषांची संख्या वाढत गेली. बायकांचा हात काही बिघडला नव्हता. त्यांच्याकडे सलग तास उरत नव्हते. पाणी, सरपण, चूल, पोर, रान यांतून सुटून बसायला मिळते तेव्हा दिवस मावळलेला असतो. मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो.

म्हणून घरून काम सुरू करणाऱ्या प्रत्येक घराला माझे पहिले सांगणे असे, की कामाला बसण्याआधी घरकाम वाटून घ्या. बाई चित्र काढणार असेल तर त्या तासांत पाणी कोण आणणार, भाकरी कोण थापणार, लहान पोराला कोण सांभाळणार, हे नवरा, दीर, सासू सगळ्यांसमोर ठरले पाहिजे. ‘घरीच तर आहे’ हे वाक्य बंद झाले पाहिजे. लॅपटॉपवर काम करणाऱ्या सुनेलाही हेच लागू आहे. ती मीटिंगमध्ये बसलेली असताना पाहुण्यांना चहा दुसऱ्या कोणीतरी करावा. हे ठरत नसेल तर घरून काम म्हणजे त्या बाईला एका दिवसात दोन दिवसांचे कष्ट, आणि अशा वेळी बाहेरची नोकरी तिच्यासाठी चांगली, असे मी स्पष्ट म्हणेन.

दुसरी गोष्ट दराची. समजा, एका कापडी वारली चित्राला १८ तास लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वादोन दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. हा दर अंगमेहनतीचा. कलेचा दर यापेक्षा वर असायला हवा, पण निदान याच्या खाली तरी जाऊ नये. सव्वादोन दिवसांचे झाले ७०२ रुपये. कापड, रंग, ब्रश यांचे १५० धरा. ८५२ झाले. चित्र पुठ्ठ्यात बांधून पाठवायचे ८० रुपये. एखादे चित्र बिघडते, एखादे विकायला सहा महिने लागतात. त्यापोटी थोडे धरले की हजारावर आकडा जातो. आता व्यापारी दारात येऊन रोख ५०० देतो. बांधणी-पाठवणीचा खर्च त्याचा. सामानाचे १५० वजा केले तर तुमच्या हातात ३५०, म्हणजे दिवसाला साधारण १५५ रुपये. रोजगार हमीच्या निम्मे. ५०० ची नोट रोख हातात पडते म्हणून तोटा दिसत नाही, आणि तास लिहून ठेवलेले नसतात म्हणून तो कधीच कळत नाही.

यासाठी एक वही लागते, बाकी काही नाही. कामाला बसलो केव्हा, उठलो केव्हा, सामान किती लागले, पैसे किती आले. एक महिना रोज लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, त्याचाही हिशेब पक्का होईल. महिन्याच्या शेवटी एकूण कमाईतून सामान वजा करून तासांनी भागा. आलेला आकडा पाहून पुढचा दर सांगा.

घरी नेऊन करायच्या कामाची आपल्याकडे दोन जुनी उदाहरणे आहेत आणि त्यांच्यातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. सभासद बहिणी शाखेतून मळलेले पीठ नेतात, घरी पापड लाटतात, वजन करून परत देतात आणि लाटणावळ घेतात. पीठ सारखे, वजन समोर, मालकी सगळ्यांची. दुसरे उदाहरण विडीचे. सोलापूर, सिन्नर या भागांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घरात विड्या वळल्या. पान-तंबाखू दुसऱ्याचे, दर दुसऱ्याचा, खराब म्हणून विड्या बाजूला काढून पैसे कापण्याचा हक्कही दुसऱ्याचाच, आणि तंबाखूची धूळ मात्र आपल्या घरात, आपल्या लेकरांच्या छातीत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ओळखपत्रे आली, कल्याणकारी योजना आल्या. पण हे आपोआप घडले नाही, संघटना उभ्या राहिल्या म्हणून घडले. घरी एकटा बसलेला माणूस दर वाढवून मागू शकत नाही. चार घरे मिळून मागू शकतात.

त्यामुळे पाड्यावर चित्रे किंवा बांबूकाम करणारी जेवढी घरे असतील त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. ‘उमेद’ अभियानातला बचतगट असेल तर बैठक तिथेच घ्या, नवा खर्च नको. कोणत्या आकाराच्या चित्राला किती तास लागतात, सुपाला किती, टोपलीला किती, हे एकमेकांच्या वह्या पाहून ठरवा आणि त्याखाली कोणी विकायचे नाही असे ठरवा. मुंबईतल्या सरस प्रदर्शनात बचतगटांना जागा मिळते. तिथे एकट्याने जाण्यापेक्षा गटाचा माल घेऊन दोघींनी जावे. हस्तकला विकास आयुक्तांच्या योजनेतले कारागीर ओळखपत्र काढून घ्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. कायद्याने खऱ्या कारागिराला त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेता येते आणि यंत्रावर छापलेल्या नकलांपासून आपले चित्र वेगळे दाखवता येते. बांबूकाम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेच्या नियमाने बांबू आणणे हा तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

पैसे मागण्यावरून एक कळकळीचा इशारा. ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग करा, महिन्याला तीस हजार कमवा’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. आधी नोंदणीचे हजार-दोन हजार, मग ओळखपत्राचे, मग माल पाठवण्याचे, असे मागत जातात आणि माल काही येत नाही. डेटा एन्ट्रीच्या नावाखाली करार करून घेतात आणि चुका दाखवून उलट दंड मागतात, पोलिसांची भीती घालतात. साधा नियम पाळा: काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झाली तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर गेलेले पैसे बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आता नोकरी करणाऱ्या मुला-मुलींकडे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि कंपन्यांना घरून काम चालते हे कळले. त्याच वर्षी पावसात सिंधुदुर्गातल्या एका पशुवैद्यक विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागले. ही दोन्ही चित्रे एकाच राज्यातली. तेव्हा गावी येण्याचा निर्णय जानेवारीतल्या स्वच्छ आभाळाकडे पाहून घेऊ नका. जव्हार-मोखाड्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको: जुलै-ऑगस्टमध्ये झाड तारेवर पडते, वीज जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. भर पावसात दोन आठवडे गावी राहून काम करून पाहा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, लॅपटॉप आणि राउटरपुरता इन्व्हर्टर, आणि जव्हार शहरात वेळ पडल्यास बसता येईल अशी ओळखीची जागा, इतके जमत असेल तरच कंपनीला कळवा. तीन-चार जणांनी मिळून शहरात एक खोली भाड्याने घेतली तर वायफायचा आणि बॅटरीचा खर्च वाटला जातो, आणि दिवसभर कोणाशी तरी बोलणेही होते. ते बोलणे मी महत्त्वाचे मानतो. पाड्यावर एकच जण लॅपटॉपवर काम करत असेल तर त्याची अडचण तिथे कोणाला समजत नाही आणि ऑफिसमधल्यांना तो दिसत नाही.

न दिसण्याचे नुकसान मोजलेले आहे. सी-ट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला, तो अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, मुख्यतः ते कमी सुट्ट्या घेऊन जास्त मिनिटे बसले म्हणून. तितकेच चांगले काम करूनही बढतीत मात्र ते मागे पडले. त्याच कंपनीतला पुढचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिलेल्यांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटले आणि बढतीवर परिणाम दिसला नाही. यातून मी काढलेला सल्ला असा, की सगळे दिवस घरी मागू नका. ऑफिस नाशिकला असेल तर आठवड्याला दोन दिवस, मुंबईला असेल तर महिन्यातून सलग काही दिवस तिथे जाऊन बसा, वरिष्ठांशी समोरासमोर बोला. आणि जे ठरेल ते ईमेलवर लिहून घ्या: कामाचे तास कोणते, रात्री फोन उचलायचा की नाही, इंटरनेटचा खर्च कोणाचा, वीज गेली तर ती वेळ कशी भरायची.

बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या मुलींनी मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली आलेली तरतूद माहीत करून घ्यावी. २६ आठवड्यांच्या पगारी रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करण्याची सोय कायद्यात आहे. मागावी लागते, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

जागेबद्दल थोडे. पडवीचा एक कोपरा कामाचा म्हणून राखून ठेवा, जिथे दिवसाचा उजेड डाव्या बाजूने येतो (डावखुऱ्यांनी उजवीकडून घ्यावा). चित्र मांडीवर घेऊन तासन्‌तास वाकून काढल्याने मान आणि कंबर जाते. उतरता पाट किंवा फळी करून घ्या, गावातला सुतार करून देईल. चुलीचा धूर येतो तिथे बसू नका. रात्री चिमणीइतक्या बल्बखाली बारीक रेघा ओढण्यापेक्षा झोपलेले बरे. आणि आठवड्यातून बाजाराच्या दिवशी काम बंद ठेवा. घरून काम करणाऱ्याला सुट्टी कोणी देत नाही, ती स्वतःच घ्यावी लागते.

कोणाला हे सगळे करूनही जमणार नाही. ज्या घरात एकच खोली आहे आणि सात माणसे आहेत, तिथे लॅपटॉपचे काम होत नाही. ज्याला कारखान्यातल्या पाच जणांत राहिल्याशिवाय हुरूप येत नाही, त्याने घरी बसू नये. तसे वाटले तर परत नोकरीवर जाण्यात कमीपणा नाही.

शेवटचे बोलणे बाहेरच्या वाचकांशी. पावसाळ्यात दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे पाहायला मुंबई-नाशिकहून तुम्ही येता, वाटेत एखाद्या घरासमोर थांबून वारली चित्र हातात घेता आणि निम्म्याने मागता. यापुढे तसे करू नका. ते रंगवायला किती तास लागले हे आधी विचारा आणि मग किंमत बोला.